दोन्ही हातांनी

"कप राहू द्या, ग्लेंडा. लिझेल विसळेल."

मालकीण शेनबाई असं म्हणाल्या आणि लिझेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचे हात कोपरापर्यंत क्रीमनं बरबटलेले, केकवरचे निम्मे गुलाब अजून काढायचे. आणि ग्लेंडा? ती बसली होती स्टुलावर, नव्या नवरीसारखी, हातात चहाचा इवलासा कप घेऊन.

चीनमधल्या शियामेन शहरात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या या केकच्या दुकानात दोघी फिलिपिन्सहून एकाच विमानानं आल्या होत्या. केकवर फुलं काढण्यात दोघींचाही हात धरणारं कोणी नव्हतं. पण कामाचा परवाना एकीचाच होणार होता. पंधरवडाभर दोघींना पाहायचं, एकीला ठेवायचं आणि दुसरीला घरी पाठवायचं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाईंची तरुणपणची वर्षं मनिलात गेली होती, त्यामुळे त्या दोघींशी त्यांच्याच भाषेत बोलत.

लिझेलला निघताना अख्ख्या गल्लीनं डुक्कर भाजून निरोप दिला होता. पंधरवड्यात परत गेली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आणि लक्षणं काही ठीक दिसत नव्हती. ग्लेंडाशी बाई अहो-जाहो करत. तिला कप द्यायचा तर दोन्ही हातांनी. तिनं मैद्याचं पुडकं इकडचं तिकडे ठेवलं तरी, "धन्यवाद हं, फार दमलात." संध्याकाळी तिच्या हातात पपनसाची पिशवी ठेवत आणि लिफ्टपर्यंत सोडायला जात. "सावकाश जा, ग्लेंडा. सांभाळून."

आणि लिझेलला? "ए, ओटा पूस." "अगं, केस बांध आधी!" "मोजे कुठायत? आजारी पडलीस तर कोण बघणार तुला?" आभार वगैरे तर विचारूच नका. सकाळी दुकान उघडायचं कामही तिच्याच गळ्यात. किल्ली बाईंनी टेबलावरून नुसती सरकवली होती. आणि घरी न्यायला काय, तर बाईंच्या घरचं कालचं उरलेलं शेंगदाण्याचं सूप. वर दटावणी, "डबा घासून आण."

तिनं आईला फोन लावला. "उरलंसुरलं खायला घालते गं मला. आणि त्या ग्लेंडाला पपनसं!"

"चव कशी होती सुपाची?" आईनं विचारलं.

"चव चांगलीच होती! पण मी काय सांगतेय, तू काय विचारतेयस!"

दोघी एकाच खोलीत राहत. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ग्लेंडा म्हणाली, "मला तर तिथं अवघडायलाच होतं गं. तुला ओरडतात तरी. मला काही सांगतच नाहीत."

"वा गं वा! जखमेवर मीठ चोळू नकोस. एवढं असेल तर घे की माझी जागा."

लिझेलनं कूस बदलली, पण झोप कुठली यायला?

रविवारी एका आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक होता. तीन मजली, वर दीर्घायुष्याची खूण म्हणून साखरेचे पीच. सकाळपासून लिझेल मान मोडून बसली होती. ग्लेंडानं शेवटी फीत बांधली. बाई आल्या, केक डोळे भरून पाहिला आणि वळून म्हणाल्या, "धन्यवाद, ग्लेंडा. फार दमलात."

लिझेल ॲप्रन सोडत होती. "ए, भांडी तशीच टाकून कुठे निघालीस?"

झालं! इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"मी काय तुमच्या घरची आहे, हवं तसं बोलायला? मीपण इथं नोकरीलाच आलेय. तिच्याशी वागता तसं माझ्याशी वागा! आणि ही घ्या तुमची किल्ली. रोज मीच का लवकर यायचं?"

बाईंचा हात चहाच्या किटलीवरच थांबला. "तिच्याशी वागते तसं?"

"हो. तस्संच!"

बाईंनी किल्ली उचलून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "बरं. माझंच चुकलं."

ग्लेंडा उठली, तिनं कप गोळा केले आणि विसळायला नेले.

दुसऱ्या दिवसापासून जादूच झाली. बाईंनी स्वतः चहा ओतून लिझेलपुढे कप धरला, दोन्ही हातांनी. "बसा ना, लिझेल. तुम्ही कशाला उठता?" ओटा पुसायला ग्लेंडा, भांडी ग्लेंडाची. "अगं ए, पाय उघडे टाकून काय हिंडतेस?" असं बाई तिच्यावर खेकसल्या, तेव्हा लिझेलला आतून गुदगुल्या झाल्या. सकाळी दुकान उघडायला आता ग्लेंडाच पळायची.

"एकदा खडसावलं ना, की सुतासारखी सरळ होतात माणसं," लिझेलनं आईला ऐकवलं.

"सूप देते का अजून?"

"छे! आता पपनसं देते!"

आई नुसतं "हं" म्हणाली.

पंधरवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी पिशवीत दोन पपनसं होती, मोठाली. बाई नुसत्या लिफ्टपर्यंत नाही, खाली थेट फाटकापर्यंत आल्या. मागे दुकानात ग्लेंडा कालचा डबा घासत होती. बिचारी, लिझेलच्या मनात आलं. तिला तर आता ग्लेंडाची कीवच वाटू लागली होती.

बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.

"सावकाश जा, लिझेल. इतके दिवस फार दमलात. सकाळच्या विमानाचं तिकीट काढलंय तुमचं, सोडायला गाडी येईल."