पाण्यातला गणपती

ताट वाढून झालं, आंबाडीच्या भाजीवर तेलाची धारही पडली, तरी प्रफुलचा हात भाकरीकडे जाईना. बसल्या जागेवरून समोरच देवघर दिसत होतं. तिथे पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, गळ्याएवढ्या पाण्यात, गणपती बसलेला होता.

हा गणपती केळझरच्या देवळाबाहेरच्या दुकानातला, पितळेचा, वीतभर उंचीचा. प्रफुल फुटबॉल खेळायला देवळीहून गोव्याला गेला, त्या दिवशी त्याच्या आईनं, अनुसयाबाईंनी, देव पाण्यात ठेवला तो ठेवलाच. रोज पाणी बदलायचं आणि फूल वाहायचं. मागणं पुरं झाल्याशिवाय देव बाहेर काढायचा नाही, आणि मागणं काय ते कुणाला सांगायचंही नाही. सांगितलं की फळत नाही म्हणतात. शेजारच्या कांताबाई चिडवायच्या, "अवो अनुसयाबाई, सर्दी होईन ना त्याले!" अनुसयाबाई हसायच्या, पण बधायच्या नाहीत.

मागणं काय असणार, हे प्रफुलनं न विचारताच ठरवून टाकलं होतं. पोरानं भारताकडून खेळावं, दुसरं काय? पण गोवा झालं, कोलकाता झालं, शिलाँग झालं. बचावफळीत उभं राहून त्यानं भल्याभल्यांना गोलपासून लांब ठेवलं. एकदा भारताच्या शिबिरापर्यंतही पोचला आणि तिथून बॅग उचलून परत आला. सुट्टीत घरी आलं की आधी गंजाकडे नजर जायची. आपल्यापायी बिचारा देव भिजत पडलाय, असं वाटून त्याला घास गोड लागत नसे.

आता तर सगळंच आटोपलं होतं. गुडघ्यानं नकार दिला आणि क्लबनं हार घालून निरोप दिला. घरी येऊन दोन दिवस झाले तरी हे सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. मैदानावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना छातीवर घेणारा हा माणूस, पण आईपुढे त्याची पाचावर धारण बसली होती.

"काऊन रे, जेवत काऊन नाई?" अनुसयाबाईंनी विचारलं. "भाजी आंबट झाली का?"

"नाई माय. भाजी चांगली हाय."

त्याचे वडील, महादेवराव, दुकान बंद करून जेवायला आले होते. पोराच्या चेहऱ्याकडे बघत ते म्हणाले, "सांगाचं असन ते सांगून टाक बापा. ताटावर बसून इचार नाई करत."

प्रफुलनं डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "माय, माहं खेळणं संपलं. आता मी परत जात नाई."

अनुसयाबाईंच्या हातातली भाकर हातातच राहिली. "पक्कं?"

"पक्कं. भारताकडून खेळणं काही झालं नाई माह्याच्यानं. तू एवढे वर्षं देव पाण्यात ठेवला, अन् मी..."

अनुसयाबाई उठल्या. हात धुतले, देवघरापुढे बसल्या, आणि गंजात हात घालून त्यांनी गणपती सरळ बाहेर काढला. त्याच्या पोटावरून पाणी निथळत होतं.

प्रफुल घाबरलाच. "माय, काऊन काढून राह्यली? मागणं कुठं पुरं झालं?"

"पोट्ट्या, मी भारत मांगतला म्हून तुले कोनं सांगतलं?" त्या पदरानं गणपती पुसू लागल्या. "टीव्हीवर तुह्यं नाव आलं का माह्या काळजाचं पानी होये. गोल मारनाऱ्याचं नाव चांगल्याले घेतेत. तुह्यं आलं म्हंजे तू तरी पडला, नाई तं तू कोनाले तरी पाडलं!"

महादेवरावांना हसता हसता ठसका लागला. "खरं हाय. तुह्यं नाव नाई आलं, त्या दिवशी ही सगळ्या गल्लीले चहा पाजे."

"मंग मांगतलं काय होतं?"

"पोरगा आपल्या पायानं कायमचा घरी येऊ दे, बस. आता पुरं झालं, म्हून सांगून राह्यली. एक गुडघा कुरकुर करते तुहा, पर तेवढं चालते."

प्रफुलच्या छातीवरचा धोंडा उतरला. जे ओझं कुणी दिलंच नव्हतं, ते तो इतकी वर्षं गावोगाव वाहत हिंडला होता. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि वर आणखी भाजी मागून घेतली.

अनुसयाबाईंनी गणपती अंगणातल्या ओट्यावर उन्हात ठेवला. पितळेवर हिरवट डाग पडले होते. डोक्यावर त्यांनी एक जास्वंद ठेवलं आणि त्या आत वळल्या.

तेवढ्यात कांताबाईंची बकरी अंगणात शिरली आणि फूल बघून थेट ओट्याकडे निघाली. प्रफुल उष्ट्या हातानंच उठला. लंगडत गेला आणि गणपतीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. बकरी डावीकडे वळली, तो डावीकडे. ती उजवीकडे वळली, तो उजवीकडे. शेवटी कंटाळून ती आली तशी निघून गेली.

"अन् हे प्रफुलनं अडवली!" महादेवराव ताटावरूनच टीव्हीवाल्याच्या आवाजात ओरडले. "प्रफुल!"

अनुसयाबाई दारात उभ्या होत्या. लेकाचं नाव ऐकून आज त्या दचकल्या नाहीत.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "अजून एकडाव घ्या त्याचं नाव."