सैल कडी
“मॅगझिनमध्ये एकच गोळी भर आणि झाडून बघ. बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरेसा आहे, नाहीतर नळीवरची गॅसची कडी एक घर आवळ,” असं शस्त्रागारातले म्हातारे सेकुरू आम्हा वनरक्षकांना शिकवायचे. आज मी आमच्या तुकडीतल्या, नुकत्याच गेलेल्या चेंजेराईची रायफल तशीच तपासली. बोल्ट मागे राहिलाच नाही. खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून कुणीतरी कडी पार सैल केली होती. जखमी रानरेडा अंगावर आला तेव्हा चेंजेराईची पहिली गोळी सुटली, गॅस कमी पडून दुसरी आत आलीच नाही, आणि रेड्याने त्याला तुडवलं. आणि पाणवठ्यावरच्या बायका त्याच्या आईला विचारतात, “पोराचे हात भीतीने गारठले होते वाटतं?” “नेमबाजीच्या परीक्षेला ही रायफल तुम्हीच घेतली होती ना, सार्जंट?” मी आमच्या तुकडीच्या सार्जंटना हळूच विचारलं. “प्रार्थनेत देव हेच सांगतो का तुला?” माझ्या नेमाच्या प्रार्थनेवरून चिडवत ते हसले. मग त्यांचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे गेला. “फार दुखतो गं. कडी परत आवळायची राहून गेली. आता मेलेला थोडाच उठून बसणार आहे? गप्प राहा, बाई.” मी कडी आवळली, पुन्हा एक गोळी झाडली. बोल्ट मागे जाऊन थांबला. दफनाच्या दिवशी मी चेंजेराईच्या आईचे हात धरून म्हणाले होते, “आमाई, दुसरी गोळी का सुटली नाही, ते शोधून तुम्हाला सांगेन.” दुपारची प्रार्थना आटोपून मी डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि नदीकाठच्या त्यांच्या घराची वाट धरली.