उघडझाप

जेलीच्या मण्यांत कोंडलेल्या जिवंत पेशी त्याच, तरी लॅबमधल्या ज्युनियर अमेयच्या डिशमध्ये एका लयीत प्रोटीन सोडत आणि सुचित्राच्या डिशमध्ये आज भरभरून, उद्या नावालाही नाही. असं बेभरवशाचं पेशींचं औषध पेशंटच्या अंगात कोण घालेल? तिने मणी पाडायची सुई बदलली, जेली बदलली. शेवटी ती त्याचं काम बघत उभी राहिली. त्याने डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवून दार लावलं. “मध्ये काढून बघत नाहीस?” “कशाला, ताई? सारखं झाकण काढलं तर भातही कच्चा राहतो.” ती तर तासातासाला डिश काढून मायक्रोस्कोपखाली धरायची. त्या आठवड्यात तिने डिशला हात लावला नाही आणि अमेरिकेत ॲन आर्बरला शिकणाऱ्या लेकीला रोजचं ‘जेवलीस का’ विचारलंही नाही. शुक्रवारी तिचाही आलेख सरळ आला. तेवढ्यात फोन वाजला. एरवी मेसेजही न उघडणारी लेक होती. “आई, यू ओके? जेवलीस का?”