एकसारखे ठोके

"पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. आणि मध्ये बोलू नकोस," डॉक्टर बुरुल म्हणाली.

मेदेरबेकनं डोळे मिटले. छाती फुगली, उतरली, पुन्हा फुगली. छातीला चिकटवलेल्या तीन तारांमधून ठोके पडद्यावर उमटत होते. शहाण्णव. शहाण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव.

खिडकीबाहेर खाणीची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. सरोवराकाठच्या या तळावरून माणसं चार हजार मीटर उंचीवर जात, पंधरा दिवस राबत आणि खाली येत. चढण्याआधी प्रत्येकाच्या कागदावर बुरुलची, सगळ्यांच्या 'एजे'ची म्हणजे ताईची, सही लागायची. पंचेचाळिशी उलटलेल्यांची ही श्वासाची तपासणी मात्र याच महिन्यात सुरू झाली होती. मेदेरबेक सत्तेचाळीसचा. वर डंपर चालवायचा.

"बघा एजे, घड्याळासारखं चालतंय! नाहीतर आमच्या तुर्दुबेकचं. ठोका चुकला म्हणून परत पाठवलंत त्याला."

बुरुल हसली नाही. श्वास आत जाताना काळीज जरा धावतं, बाहेर पडताना रेंगाळतं. तासाभरापूर्वी साठीच्या स्वयंपाक्याचंसुद्धा अकरा ठोक्यांनी वरखाली झालं होतं. याचं जागचं हलत नव्हतं. काळजाला आवरणाऱ्या, पळवणाऱ्या नसांचा जणू कुणी आवाजच बंद केला होता.

तार सैल असेल, असं तिला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं असावं अशी तिची इच्छा होती. तिनं चिकटपट्ट्या बदलल्या आणि पुन्हा श्वास घ्यायला लावला. शहाण्णव. शहाण्णव.

"उठ. पटकन उभा राहा."

तो उभा राहिला आणि त्यानं टेबलाची कड धरली. रक्तदाब एकशे अठ्ठावीसवरून ब्याण्णववर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो हसत होता. "काल पुतणीचं लग्न होतं, एजे. झोप झालेली नाही."

"साखर कधीपासून आहे?"

"कुणाला?"

"मेदेरबेक."

त्यानं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अकरा वर्षं. वर कळू देऊ नका. तपासणीआधी चार दिवस नान सोडतो, बायकोच्या साखरेच्या गोळ्या घेतो. तेवढ्यावर निभतं."

"वर असताना कधी एकदम घाम फुटला? मळमळ?"

"हां, फेब्रुवारीत. शिळं मटण बाधलं. केबिनमध्येच घामानं भिजलो, उलट्या काय, दम काय! दीड तास काही सुचेना. मग उरलेल्या चार खेपा मारल्या. मेंढीनं सूड घेतला म्हणून अजून चिडवतात मला."

बुरुलनं त्याला आडवं केलं आणि हृदयाचा पूर्ण आलेख काढला. कागद खिडकीजवळ नेऊन तिनं दोनदा पाहिला.

"ते मटण नव्हतं. हार्ट अटॅक होता."

"काहीतरीच! माझ्या सासऱ्याला आला होता ना. जनावरासारखे ओरडत होते. मला तर जरासुद्धा दुखलं नाही."

"साखरेनं तुझ्या नसा मारल्या आहेत. दुखतंय हे सांगणाऱ्याही त्यांतच होत्या."

तिनं त्याची जुनी फाईल उघडली. फेब्रुवारीची सात तारीख. नाडी चौऱ्याण्णव, नियमित. वर जाण्यास योग्य. खाली सही तिचीच. दीड तास तो काही न सुचणारा माणूस खाणीच्या कड्यावर नव्वद टनांची गाडी घेऊन बसला होता, आणि कामगारांची बस त्याच रस्त्यानं खालून जायची. तिनं फाईल मिटली.

बाहेर हॉर्न वाजला. थोरल्या भावाला हाक मारावी तसं कुणीतरी ओरडलं, "मेदेर बाइके, आत निकाह लावताय की काय? चला लवकर!"

"एजे, एवढी एक पाळी जाऊ द्या," तो घाईनं म्हणाला. "उतरलो की सरळ बिश्केकला जातो, इस्पितळात."

"आणि वर पुन्हा आला तर?"

"आला तर गाडी थांबवीन ना! लगेच बाजूला घेईन, आणि..."

तो थांबला. बटण लावणारा हात तसाच राहिला.

"एजे... पण मला कळणार कसं?"

"घाम येईल. दम लागेल. मळमळेल." बोलताबोलताच तिला दिसलं, त्याच्या कपाळावर थेंब जमले होते. त्यालाही कळलं. त्यानं तळहात कपाळावरून फिरवला आणि ओल्या तळव्याकडे बघत राहिला.

"आत्ता आलाय," तो कुजबुजला.

तिनं धावत तारा पुन्हा जोडल्या. दोघंही श्वास रोखून कागदाकडे पाहत राहिले. रेषा मघासारखीच होती.

"आत्ता काही नाही. भीतीचा घाम आहे हा."

"आणि दहा मिनिटांनी?"

बुरुलनं रुग्णवाहिकेला फोन केला, मग खिडकी उघडून बसवाल्याला हातानं जा म्हणून खुणावलं. कुणीतरी मेदेरबेकची पिशवी पायरीवर ठेवली. बस वळणावरून गेली आणि खोलीत एकदम शांत झालं.

त्यानं बायकोला फोन लावला. "मी खालीच आहे. इस्पितळात नेतायत. तू ये."

पलीकडचा घाबरलेला आवाज बुरुललाही ऐकू आला. "अरे देवा! कुठं दुखतंय?"

मेदेरबेकनं फोन कानाशी तसाच धरला. मोकळ्या हातानं तो छाती चाचपू लागला, मग खांदा, मग जबडा, मग पुन्हा छाती, जोरजोरानं.

"ऐकतोयस ना? कुठं दुखतंय, सांग की!"