काच

दवाखान्यातून फोन आला आणि बायको प्रमिला गेल्याचं यशवंतरावांना कळलं, तेव्हा कॅमेरा क्लबातले सबनीस आणि कारखानीस सगळ्यांच्या आधी धावून आले. दिव्याशेजारी ठेवायला प्रमिलाचा एकही नीट फोटो सापडेना.

महागडी नवी लेन्स कधीची घरात पडून होती. पण तिच्यावर संरक्षक फिल्टरची काच लावायची की नाही, यावर या दोघांचं एकमत होईपर्यंत यशवंतराव खोकं उघडणार नव्हते. प्रमिला म्हणायची, "अहो, सुरकुत्या मला पडतायत, लेन्सला नाही!"

शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला.

"काच काढा. वहिनी धुरकट दिसताहेत," सबनीस म्हणाले.

"आणि उदबत्तीची राख उडाली म्हणजे?" कारखानीस उसळले.

यशवंतरावांनी सवयीने दोघांचंही ऐकून घेतलं. तिने फोटोसाठी इस्त्री केलेली जांभळी साडी कपाटात आहे. फोटो काढायचा राहिला.