जाड पत्र्याची टाकी

गिरगावच्या गुप्ते डॉक्टरांना जीपने थेट लंडन गाठायचं होतं. वाटेत वाळवंटं होती, म्हणून चिंचपोकळीच्या बुधाजीने मागे पाण्याची टाकी बसवली. त्याचा जन्म गेला गिरणीच्या बॉयलरवर. हात जाड पत्र्यालाच सरावलेला. डॉक्टर वैतागले. “टाकी केलीस की बॉयलर? भाराने चाकांवरच्या कमानी बसतील. पातळ पत्र्याची कर.” बुधाजीने खजील होऊन टाकी उतरवली, गल्लीत ठेवली. दुसऱ्या दिवशी नाक्याशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला. डबा घेऊन येणारी त्याची बायको टाकीआड लपली. गोळी एक पत्रा भेदून आतच अडकली. आठवड्याने हलकी टाकी लावलेली जीप न्यायला आलेले डॉक्टर हे ऐकून थबकले. “बुधाजी, मला जुनीच बसव. भोक बुजव, भार पेलायला कमानींना पोलादी पाटे वाढव.” “ती घरी नेली, डॉक्टर.” “एवढ्याशा खोलीत? ठेवलीस कुठे?” “हिने जागा केली. खाट विकली.”