न धुतलेली बंडी

कडी वाजली तशी तानुअक्कांनी मोतीला मोरीत ढकललं, मोरीचं दार लावलं आणि मगच बाहेरचं दार उघडलं. कुणीही आलं तरी त्यांचा हाच क्रम. "चावस तो," एवढंच त्या सांगत. मोती आजवर कुणाला चावला नव्हता.

दारात ममता उभी होती, सोनगीरहून आलेली, डोक्यावर गाठोडं. तिच्या आजेसासऱ्यांना, अभिमन आबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरायची, त्याआधी त्यांच्या कपड्यांची गोधडी हवी होती.

"बठ्ठं धुईसन आणेल शे," ममता म्हणाली. "हाई बंडी तेवढी धोवानी नही."

"माले शिकाडू नको, माय."

गेलेल्या माणसाच्या गोधडीत मधला कपडा न धुता घालायचा, ही तानुअक्कांच्या आईपासूनची रीत. पांघरूण ओढलं की नातवंडांना आजोबांचा वास यायला हवा. या रीतीपायी तर सोनगीर, एरंडोलपासून लोक त्यांचं धुळ्यातलं घर शोधत येत.

ममता गेल्यावर त्यांनी मोरी उघडली. मोती सरळ गाठोड्यावर तुटून पडला. धोतरं बाजूला सारली, बंडी ओढून काढली आणि तिच्यात नाक खुपसून पडून राहिला. बारीक आवाजात रडत होता. संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून दिली, तिलाही तोंड लावलं नाही.

"मरेल मानूसना वास कुत्राले समजस," शेजारच्या लताबाई खिडकीतून म्हणाल्या. तानुअक्का नुसतं हं म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

चैत्रातल्या उन्हात खिडकी लावून बसणारं गल्लीत हे एकच घर. भटकी कुत्री पकडणारी गाडी येते, मोतीला उचलून नेतील, असं अक्कांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मंगळवारचा तर त्यांनी धसकाच घेतला होता. मंगळवारी अकरा वाजले की त्या रेडिओ मोठ्यानं लावत आणि मोतीचं तोंड मांडीत दाबून धरत. गेल्या आखाजीपासून मंगळवार शांत जात होते, पण सवय सुटली नव्हती.

बहिणीच्या मुलाचं लग्न फैजपूरला झालं, अक्का गेल्या नाहीत. मुलगा सुरतेला बोलवून थकला. लताबाईंनी एकदा तोंडावर विचारलंच, "अक्का, किती दिन कोंडी लेशी सोताले?"

"मोतीले कोन पाही मंग?"

नवरा गेला, मुलगा लांब, आणि तीन वर्षांपूर्वी भर बाजारात हे कुत्रं आपणहून मागे मागे आलं, असं त्या सांगत. तेव्हा त्याच्या गळ्याभोवतीचे केस झिजलेले होते. आता ते भरून आले होते. हाक मारली तर मात्र कधी वळून बघत नसे. कानानं अधू आहे बिचारा, असं अक्का म्हणत आणि उठून स्वतःच त्याच्याजवळ जात. त्याच्याशिवाय आपण चार दिवसही जगणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

गोधडी शिवणं या वेळी जिवावर आलं होतं. मोती कपड्यांवरून हलेना. त्याला उचलून बाजूला ठेवावं, तर पुन्हा येऊन बंडीवर. शेवटी अक्कांनी बंडी मधल्या थरात घातली, वरून धोतर पसरलं आणि टाके घालायला घेतले. तरी नेमक्या तेवढ्याच जागेवर तो नाक टेकून बसला. पन्नास वर्षं सुई धरलेला हात, पण दोनदा सुई बोटात गेली. ही गोधडी एकदाची घरातून जाऊ दे, असं झालं होतं त्यांना. आठ दिवसांचं काम त्यांनी पाच दिवसांत उरकलं.

ममता न्यायला आली तेव्हा मोती मोरीचं दार नखांनी खरवडत होता.

"भलता रडस वं तुमना कुत्रा."

"उकाडा शे ना," अक्का म्हणाल्या. "तू निंघ आते. गाडी चुकी जाई."

ममता गोधडीवरून हात फिरवत राहिली. "आबाना बी एक कुत्रा व्हता. मन्हा लगीनना पहिलेच हारपना. आठेच, बजारमा. खांबाले बांधीसन आबा चहा पेवाले गयात, भायेर येतस तो कुत्रा नही."

अक्कांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मंग दर मंगळवारले येयेत, अकराना सुमारले. गल्लीगल्लीमा हाका मारत फिरेत. घरमा बठ्ठा समजाडी थकनात, पन आबा काय ऐकतस! मांगली आखाजीना आठ दिन पहिले आठेच फिरता फिरता उनमा पडनात, ते उठनातच नही."

ममतानं गोधडीची घडी केली, त्यांच्या पाया पडली आणि निघाली.

कडी लावून त्यांनी मोरी उघडली. मोती त्यांच्या पायाला घासून थेट बाहेरच्या दाराशी गेला आणि फटीला नाक लावून उभा राहिला.

"मोती," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा एकदा. तो वळला नाही.

तानुअक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. मग, मंगळवारी तो म्हातारा माणूस रस्त्यावरून मारी तशी, आवाज लांबवून त्यांनी हाक मारली.

"सरदाऽऽर!"

कुत्र्यानं कान टवकारले आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्या हाकेला धावत आला.